मिशन शाळेचा निरोपसमारंभ

गेल्या जानेवारीच्या अखेरीस नगर जिल्ह्यांतील आमच्या तालुक्याच्या गांवीं मिशन हायस्कुलांत दहावीच्या विद्यार्थ्यांचा निरोपसमारंभ झाला, आणि नेहमींप्रमाणें त्याचें बोलावणें मला आलें. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें आहे; परंतु जुन्या जिभेस जुनें नांव सोडवत नाहीं, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.) या शाळेंत मीं तेहतीस वर्षें संस्कृत शिकविलें. सेवानिवृत्त झाल्यापासूनही या समारंभास मी दरवर्षीं जातों, दाराजवळच्या मागच्या बांकावर बसतों, चहा घेतों आणि घरीं येतों. यंदा मात्र घरीं आल्यावर रात्रीं बराच वेळ झोंप लागली नाहीं. त्याचें कारण सांगण्यापूर्वीं ज्या वाचकांस अशा शाळेच्या आंत पाऊल टाकण्याचा प्रसंग आला नसेल त्यांच्याकरितां थोडी पार्श्वभूमि सांगितली पाहिजे.

शाळेचें सभागृह जुनें, दगडी भिंतींचें, वर कौलें. व्यासपीठाच्या मागें लांकडी क्रूस, आणि शेजारीं सावित्रीबाई फुल्यांची तसबीर. आरंभीं पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांचें एखादें पद होतें. तें कानीं पडलें म्हणजे डोळे मिटून बसलेल्या परक्या माणसास आपण एखाद्या मठांत भजनास बसलों आहों असेंच वाटावें. मग बायबलांतील एक उतारा, प्रार्थना, मुख्याध्यापकांचे चार शब्द. त्यानंतर मुलांमुलींचीं भाषणें. तीं पाठ करून आलेलीं असतात, आणि तिसऱ्या वाक्याला कंठ दाटून आल्यामुळें अर्ध्यावरच थांबतात. अमेरिकेंत असा समारंभ शिक्षणक्रम पुरा झाल्यावर, झगे आणि चौकोनी टोप्या घालून करतात; आपल्याकडे तो परीक्षेच्या आधीं महिना-दीड महिना होतो. कोणी याला उतावीळपणा म्हणेल. मला तर आपलीच रीत अधिक उदार वाटते. त्या दिवशीं सभागृहांत कोणीही नापास नसतो.

शेवटीं आमच्या शाळेचा म्हणून एक प्रघात आहे. वर्गशिक्षक हजेरीपट (ज्यास शिक्षकमंडळी कॅटलॉग म्हणतात) घेऊन व्यासपीठावर येतात आणि वर्गाची अखेरची हजेरी घेतात. एकेक क्रमांक आणि नांव उच्चारलें जातें, त्या त्या मुलानें उभें राहून "हजर" म्हणावयाचें. बस्स, एवढेंच. परंतु वर्षभर ज्या शब्दाकडे कोणाचें लक्ष नसतें तोच शब्द त्या दिवशीं मुलांच्या तोंडून कसा बाहेर पडतो, हें प्रत्यक्ष ऐकल्यावांचून कळावयाचें नाहीं.

संस्कृताच्या मास्तरास शब्दांची खोड असते, म्हणून येथें थोडें विषयांतर. आपल्या परंपरेंत विद्या पुरी करून घरीं जाणाऱ्या शिष्याचा जो संस्कार त्यास समावर्तन म्हणत. म्हणजे परत फिरणें. त्या दिवशीं तो विधिपूर्वक स्नान करी, म्हणून तो स्नातक. उलट, 'मॅट्रिक्युलेशन' हा शब्द लॅटिनमधील नोंदवहीवाचक शब्दापासून आलेला. विद्यापीठाच्या वहींत नांव चढणें असा त्याचा अर्थ. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली, आणि १८६२ सालीं जे पहिले चौघे बी. ए. झाले त्यांत माधवराव रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर होते. पुढें १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस. एस. सी.नें घेतली, तरी आम्ही अकरावीच्या त्या परीक्षेस मॅट्रिकच म्हणत असूं, आणि मी स्वतः तेवढाच शिकलेला, बाकीचें जें कांहीं आलें तें पाठशाळेंत. तर सांगावयाचें तें असें कीं, ज्याला आपण शाळेचा शेवट समजतों त्यास आपल्या पूर्वजांनीं 'परत येणें' म्हटलें आणि पाश्चात्यांनीं 'आंत येणें' म्हटलें. बाहेर जाण्याचा शब्द कोणींच ठेविला नाहीं.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लींत निरोपाच्या वेळीं गुरूनें शिष्यास केलेला उपदेश आहे. तो आपल्या पुष्कळ घरांतून मुखोद्गत असतो, म्हणून येथें उतरून काढीत नाहीं. त्यांतील एका गोष्टीचें मात्र मला आजन्म नवल वाटत आलें आहे. आमच्या आचरणांत जें चांगलें असेल तेवढेंच तूं घे, बाकीचें घेऊं नकोस, असें तेथें गुरुच आपल्या तोंडानें सांगतो. जातांना शिष्यास असें सांगण्याचें धैर्य किती शाळांना असतें?

मिशन शाळांना तें नाहीं, अशीच आपल्या लोकांची शंभर-दीडशें वर्षें समजूत होती. आणि ती अगदींच निराधार नव्हती. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मुंबईंत शाळा काढली. १८३९ सालीं त्यांच्या शाळेंतील दोघां पारशी तरुणांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां शहरांत केवढा हलकल्लोळ झाला! १८४३ सालीं नारायण आणि श्रीपत शेषाद्रि या ब्राह्मण भावांचें प्रकरण घडलें. थोरला नारायण ख्रिस्ती झाला तो झालाच. त्यानें पुढें जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत वसविली. धाकटा श्रीपत अज्ञान, म्हणून न्यायालयानें त्यास बापाच्या हवालीं केलें. खरा पेंच पुढेंच होता. मिशनऱ्यांच्या घरीं राहून आलेल्या त्या पोरास पंक्तीस घ्यावयाचें कीं नाहीं? बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावें या पक्षाचे. त्यापायीं त्यांना आपल्याच माणसांचा रोष सोसावा लागला. मला या प्रकरणांत दोन्ही बाजूंची लाज वाटते. एका बाजूनें कोंवळ्या पोराच्या मनावर हात टाकला, आणि दुसऱ्या बाजूनें तें पोर परत आलें असतां दार लावून घेतलें.

त्यानंतर १८९० सालचें पुण्यांतील पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण. व्याख्यान झालें, चहा-बिस्किटें पुढें आलीं. कोणी घेतलीं, कोणी नुसता पेला हातीं धरिला. गोपाळराव जोश्यांनीं (आनंदीबाईंचे यजमान) नांवें छापून आणलीं, आणि रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. अखेर १८९२ सालीं रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्यावरूनही त्यांच्या मित्रांनीं त्यांना बोल लाविला. आमच्या शाळेच्या समारंभांत चहाची किटली फिरूं लागली म्हणजे मला हें सारें आठवतें आणि हंसूं येतें. पण माझ्या वडिलांना तें आठवून हंसूं आलें नसतें, हेंही तितकेंच खरें.

दुसरी बाजू सांगितली नाहीं तर अन्याय होईल. अमेरिकन मराठी मिशन १८३१ च्या अखेरीस नगरास आलें. मिस सिंथिया फॅरार यांनीं तेथें चालविलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनीं पाहिल्या आणि १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा घातली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. तेथें त्यांचे जिवलग मित्र झाले ते सदाशिव बल्लाळ गोवंडे, ब्राह्मण. ते दोघे एका बांकावर बसले हें काम आपल्या कोणत्याही पाठशाळेनें केलें नसतें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं मिशनऱ्यांवर जें कोरडे ओढले ते पुष्कळ ठिकाणीं योग्यच होते. पण १८८० सालीं त्यांनीं आणि टिळक-आगरकरांनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें त्यास शिक्षकांच्या स्वार्थत्यागाचा नमुना शोधावयास फार लांब जावें लागलें नसेल, असें मला वाटतें. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक? १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या नगरच्या घरांत बालकवि ठोमरे लेकासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना त्या घराची ओळख मीं करून द्यावयास नको.

आज कायद्यानेंही ही भीति निवारलेली आहे. घटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणें सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेंत कोणाही विद्यार्थ्यास धर्मशिक्षण घ्यावयास वा उपासनेस हजर राहावयास त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवांचून भाग पाडतां येत नाहीं. आमच्या शाळेंत तर माझ्या काळीं ख्रिस्ती मुलांपेक्षां इतरच अधिक होतीं. तथापि एक गोष्ट बोलून दाखवितों, राग मानूं नये. आपल्या घरांतील मुलें इंग्रजी माध्यमाच्या कॉन्व्हेंटांत घालण्यासाठीं आपण रात्रीपासून रांगेंत उभे राहतों, त्या वेळीं धर्माची आठवण कोणास होत नाहीं. ती होते ती तालुक्याच्या गांवच्या मराठी मिशन शाळेचें नांव निघालें म्हणजे. तेव्हां अडचण क्रूसाची नसून बांकावर शेजारीं कोण बसणार याची असते, असा माझा तेहतीस वर्षांचा अनुभव आहे.

मीही कांहीं यांतून सुटलेला नव्हतों. १९८२ सालीं या शाळेंत मला संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली. वडील भिक्षुकी करीत. दोन दिवस ते कांहींच बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं पूजा आटोपल्यावर म्हणाले, "शिकव. विद्या कोठेंही शिकवावी. पण त्यांच्या प्रार्थनेला उभा राहूं नकोस." मीं शब्द दिला.

शब्द देणें सोपें, पाळावयाचा कसा? रोज सकाळीं अकराला सारी शाळा सभागृहांत जमे. पहिल्या दिवशीं मी बाहेर व्हरांड्यांत खांबाला टेकून उभा राहिलों, आणि आंतील साडेचारशें डोळे आपल्याकडेच पाहत आहेत असें मला वाटत राहिलें. दुसऱ्या दिवशींही तेंच. तिसऱ्या दिवशीं मुख्याध्यापकांनीं मला बोलावून घेतलें. आतां नोकरी गेली, असें समजून मी गेलों. त्यांनीं माझ्या हातांत एक वही दिली आणि म्हणाले, "प्रार्थनेच्या वेळीं उशिरां येणाऱ्या मुलांचीं नांवें टिपावयास व्हरांड्यांत कोणीतरी पाहिजे आहे. एवढें तुम्हीं करावें." त्या दिवसापासून माझें व्हरांड्यांत उभें राहणें हें शाळेचें काम झालें. त्यावर ना त्यांनीं कधीं चकार शब्द काढिला, ना मीं. बारा वर्षांनीं ते निवृत्त झाले तेव्हां मीं त्यांना विचारलें, "माझ्यासाठीं तें काम आपण मुद्दाम काढलेंत ना?" ते नुसते हंसले आणि म्हणाले, "पण उशिरां येणारीं मुलें खरोखरच होतीं कीं, शास्त्रीबुवा."

वडील १९९१ सालीं वारले. त्यानंतर मला बंधन असें राहिलें नव्हतें. तरी मी व्हरांड्यांतच उभा राहत गेलों. कांहीं सवयीनें, आणि कांहीं असें कीं, आंत जाऊन जी श्रद्धा आपली नाहीं तिचा आविर्भाव करणें हा त्या प्रार्थनेचाही अपमानच झाला असता. पावसाळ्यांत उशिरां येणारीं पोरें भिजून कुडकुडत येत. त्यांना खांबाच्या आडोशाला उभें करून प्रार्थना संपेपर्यंत मी एखादें रूप विचारीत असें. देव शब्दाची तृतीया, नदी शब्दाची षष्ठी. माझे कितीतरी उत्तम विद्यार्थी मला अशा रीतीनें उशिरां येणाऱ्यांतच सांपडले आहेत.

आतां यंदाच्या समारंभाकडे येतों. या शाळेस जोडून एक बोर्डिंग आहे. आमच्या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडणीस बाहेर पडतात, तीं गळिताचा हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलांत परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधींच अंगावर. मुलें बरोबर गेलीं तर वर्ष बुडालें. ज्यांचीं बोर्डिंगांत राहतात त्यांचेंच शिक्षण पुरें होतें. त्यांतील एक मुलगी यंदा दहावींत होती. शाळेंतून संस्कृतांत पहिली. माझ्यानंतर आलेल्या शिक्षकांची ती विद्यार्थिनी, पण सुटीच्या दिवशीं व्याकरणाच्या अडचणी घेऊन माझ्याकडेही येई. पुष्कळ मुलें संस्कृत घेतात तीं गुणांसाठीं, आणि त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. पण हिला समास सोडविण्यांत खरोखरच गोडी होती. आमच्या घरीं आली कीं प्रथम देव्हाऱ्यापुढें हात जोडी, मग स्वैंपाकघरांत जाऊन आमच्या सौभाग्यवतीस हातभार लावी, आणि शेवटीं वही उघडी.

समारंभास इतरांचे आईबाप आले होते. हिचे येणें शक्य नव्हतें. ते सांगलीकडील एका कारखान्याच्या फडावर होते. तिच्या बाजूच्या खुर्च्यांवर बोर्डिंगच्या मेट्रनबाई येऊन बसल्या होत्या. भाषणें झालीं. तीही बोलली; थोडें बोलली आणि न रडतां बोलली, त्यामुळें बाकीचेच अधिक रडले. मग वर्गशिक्षकांनीं कॅटलॉग उघडला.

आठ-दहा नांवें झालीं असतील. मी दाराजवळच होतों, म्हणून मला बाहेर पावलें वाजल्यासारखीं वाटलीं. वळून पाहिलें तों व्हरांड्यांत खांबाजवळ एक मनुष्य उभा. डोकीला टॉवेल गुंडाळलेला, सदऱ्याला पाचटाचीं कुसळें तशींच चिकटलेलीं, हातांत कापडी पिशवी. मी उठून बाहेर गेलों. त्यानें खालीं वाकून नमस्कार केला आणि हळूच विचारलें, "दहावीचा कार्यक्रम ह्योच का, गुरुजी? पोरगी हाय माझी."

मीं नांव विचारलें. तें तिचेंच होतें.

"मग आंत चला," मीं म्हटलें.

"नगं. हितंच बरा हाय. कापडं बगा ना कशी हायेत. रातभर ट्रकात आलो, आंगूळ बी न्हाई. आत समदी चांगली मान्सं."

तो ज्या खांबाला टेकून उभा होता तो खांब मला चांगला ओळखीचा होता. बाहेर उभें राहणें म्हणजे काय तें आपल्याला ठाऊक आहे, असें मी इतकीं वर्षें समजत आलों होतों. परंतु मी बाहेर होतों तो माझ्या इच्छेनें. मला आंत येऊं नकोस असें कोणीं म्हटलें नव्हतें, आणि माझ्यासाठीं तर शाळेनें कामही काढून दिलें होतें. या माणसास कोणीं अडविलें होतें? शाळेनें तर नाहींच. त्या रात्रीं झोंप लागली नाहीं ती या एका प्रश्नानें.

मीं त्याचा हात धरला. तेहतीस वर्षांत प्रार्थनेच्या सभागृहांत दुसऱ्या कोणाला मीं हाताला धरून नेलें असेल असें आठवत नाहीं. तो पायताण काढूं लागला. मीं म्हटलें, राहूं द्या. माझ्याच बांकावर, माझ्या शेजारीं त्याला बसविलें. पिशवी त्यानें मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

तिचा क्रमांक आला. नांव उच्चारलें गेलें. त्यांत बापाचें नांवही होतें, तें ऐकून तो दचकून अर्धवट उठला. मीं त्याला खालीं बसविलें. ती पुढच्या रांगेंत उभी राहिली. तिची पाठ आमच्याकडे होती. "हजर," ती म्हणाली, आणि बसली. मागें कोण बसलें आहे हें तिला पुढें पंधरा मिनिटें ठाऊक नव्हतें.

चहाच्या वेळीं बापलेकींची गांठ पडली तेव्हां मी मुद्दामच दूर राहिलों. थोड्या वेळानें तीच त्याला माझ्याकडे घेऊन आली. पेला त्यानें दोन्ही हातांत धरला होता, चहा निवून गेला होता. पहिला पेपर कशाचा, असें त्यानें मला विचारलें. मराठीचा, मीं सांगितलें. "मग तर सोप्पा," तो म्हणाला, आणि मुलगी हंसली. मुकादमानें दोन दिवसांचा खाडा धरला होता. सायंकाळच्या सहाच्या एस. टी.नें त्याला परत निघणें भाग होतें. मेट्रनबाईंनीं केकचा एक तुकडा कागदांत बांधून दिला. तो त्यानें तिच्या आईसाठीं पिशवींत वरच्या बाजूस, दबणार नाहीं असा ठेवला, आणि आम्ही तिघें स्टँडाकडे चालूं लागलों.